पोटात गोळा येतोय, काय करू?

मागच्या अंकात "तुम्हाला कशाची भीती वाटती ते लिहून पाठवा" असं म्हणलं होतं, तर पत्रांचा अन् व्हॉट्सॲपचा ढीगच पडला. अर्ध्याहून जास्त परीक्षेची, त्यातली निम्मी लातूरची, त्यात काय नवल. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, चार घेतलेत. नावं छापत नाही, गावंपण थोडी इकडची तिकडं केलीत, तेव्हा ओळखीचं वाटलं तरी शोधाशोध करू नका.

प्रश्न: ताई, मी अहमदपूर तालुक्यातला, लातूरला नीटचं रिपीट करायलोय. दिवाळीच्या आधी टेस्ट चालू असताना एकदम छातीत धडधड सुरू झाली, हाताला ओठाला मुंग्या, दरदरून घाम, श्वासच पुरंना, वाटलं आता गेलो. सरांनी दवाखान्यात नेलं, ईसीजी नॉर्मल. पप्पांनी नंतर टूडी इको केला, तोपण नॉर्मल. तरी परत परत होतंय. आता मी दाराजवळच्या बाकावरच बसतो, पाण्याची बाटली हातात, अन् मानेवर दोन बोटं ठेवून ठोके मोजत असतो, सर काय शिकवायलेत तिकडं ध्यानच नसतं. पप्पा म्हणतात अभ्यास नको म्हणून मनाचे खेळ आहेत सगळे. मला खरंच काही झालंय का? अन् पेपरातच झालं तर?

उत्तर: झालंय बाळा, अन् ते ढोंग नाही, हे वाटलं तर पप्पांना वाचून दाखव. याला पॅनिक अटॅक म्हणतात. हृदयाची तपासणी झालीच आहे, राहिलं असेल तर हिमोग्लोबिन अन् थायरॉईड एकदा बघून घे, कारण मेसच्या डब्यावर जगणाऱ्या पोरापोरींचं रक्त कमी निघणं काही नवीन नाही अन् त्यानंही धडधड होती. ते नॉर्मल आलं की मग परत परत ईसीजी काढायला जायचं नाही, का ते पुढं सांगते.

आपल्या मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, ॲमिग्डाला. धोका दिसला की विचार करायच्या आधीच तो अंगाला कामाला लावतो, ॲड्रेनलीन सुटतं, ठोके वाढतात, रक्त हातापायाच्या मोठ्या स्नायूंकडं जातं, पळायची तयारी. कुत्रं मागं लागलं तर हे सगळं लई उपयोगाचं. पण काही गाड्यांचा सायरन कसा, चोर राहू दे बाजूला, नुसता ट्रक शेजारून गेला तरी कोकलत बसतो, तसं तुझं झालंय. धोका कुठंच नाही अन् अंग मात्र पळायच्या तयारीत, आणि तू बसलायस बाकावर. मग डोकं कारण शोधतं, की एवढं धडधडतंय म्हणजे हार्ट अटॅकच असणार, त्या विचारानं अजून ॲड्रेनलीन, अजून धडधड.

श्वासाचं ऐक, ते महत्त्वाचं आहे. तुला वाटतं श्वास पुरंना, पण त्या वेळी तू गरजेपेक्षा जास्तच श्वास घेत असतोस, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो अन् म्हणून बोटांना ओठांना मुंग्या येतात, गरगरतं. बायोलॉजीत शिकलायस हे सगळं, फक्त स्वतःच्या अंगावर लावून बघितलं नाहीस. अन् तू कमजोर आहेस असंही समजू नको. अमेरिकेत एक बाई आहे, तिचं नाव सांगत नाहीत, शास्त्रज्ञ तिला एस.एम. म्हणतात, एका आजारानं तिचा ॲमिग्डाला दोन्ही बाजूंनी निकामी झालाय. साप हातात घेती, भुताच्या वाड्यात हसत फिरती. पण 2013 साली छापून आलेल्या प्रयोगात तिला मास्कमधून 35 टक्के कार्बन डायऑक्साईड असलेली हवा एकच श्वास दिली, तर तीसुद्धा घाबरीघुबरी होऊन मास्क काढायला धडपडली. श्वास कोंडल्याची भीती एवढी खोल असती, तू तर साधा पोरगा आहेस.

आता पुढचं. हा अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो अन् मग आपोआप उतरायला लागतो, कारण अंग तेवढ्या जोरात जास्त वेळ पळूच शकत नाही. पण तू ते उतरणं कधी बघितलंच नाहीस. प्रत्येक वेळी वर चढत असतानाच तू दारातून बाहेर पळालास, बाहेर बरं वाटलं, अन् मेंदूनं हिशोब मांडला की बाहेर आलो म्हणून वाचलो. दाराजवळचा बाक, बाटली, मानेवरची बोटं, पुन्हा पुन्हा ईसीजी, ह्या सगळ्यांनी तात्पुरतं बरं वाटतं अन् भीती मात्र पोसली जाती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो राक्षस आपणच असा जेवू घालून मोठा करतो.

म्हणून उलटं करायचंय. रूमवर, मित्र जवळ असताना, जागच्या जागी एक मिनिट जोरात पळ, ठोके वाढू दे, अन् मग खाली बसून बघ फक्त, बोटं मानेला लावायची नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्धा-एक मिनिट मुद्दाम भराभरा श्वास घे, मुंग्या येतील, येऊ दे, आल्या तशा जातील. (दमा किंवा फिट येत असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हे करू नको.) तीच लक्षणं आपण स्वतः आणू शकतो अन् ती जातात, हे अंगाला कळायला पाहिजे, मी सांगून ते कळत नाही, मी इथं कितीही लिहिलं तरी. मग क्लासमध्ये दर आठवड्याला एकेक रांग आत सरक, बाटली बॅगेत. मधेच आलं तर उठायचं नाही, पेन खाली ठेव, श्वास सोडताना जरा लांब सोड, अन् चढू दे त्याला चढायचंय तेवढं. पेपरात झालं तरी हेच, तीन तासांतली दहा मिनिटं जातील, पेपर जाणार नाही.

एक गोष्ट मात्र रागानं सांगते. लातूरच्या होस्टेलांमधून अल्प्राझोलामच्या गोळ्या एकमेकांत वाटल्या जातात हे मला चांगलं माहिती आहे. त्यानं लगेच बरं वाटतं, म्हणूनच ती वाईट, सवय लागती, अन् अभ्यास लक्षात राहत नाही ते वेगळंच. महिनाभर वरचं सगळं करूनही कमी झालं नाही तर मानसोपचार तज्ज्ञाकडं जा, ते सवय न लागणारी औषधं देतात, ती लागू पडायला काही आठवडे जातात, मधेच सोडायची नाहीत. आत्ता कुणाशी बोलायचं असेल तर टेली मानसचा 14416 नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. अन् ते एनर्जी ड्रिंकचे डबे अन् रात्रीचा चौथा चहा बंद कर.

प्रश्न: ताई नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी, वय 44. आमच्याकडं शेतीची लाईट आठवड्याआड रात्रीची असती, हरभऱ्याला गव्हाला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. मागच्या पावसाळ्यात चुलतभावाला झोपेत पान लागलं, सकाळपर्यंत संपला. तेव्हापासून रात्री बांधावर पाय टाकायचा म्हणलं की पाय लटपटतात. मोटार चालू करायला पोराला पाठवतो अन् त्याचीच लाज वाटती. बायको म्हणती एवढा बाप्या माणूस अन् लांबड्याला भितो. ही भीती कशी घालवू?

उत्तर: दादा, ही भीती घालवू नका. भारतात सापाच्या दंशानं वर्षाला सुमारे 58 हजार माणसं मरतात असा 2000 ते 2019 चा अभ्यास आहे, त्यातली बहुतेक खेड्यातली अन् शेतातली. अंधारात अनवाणी दांड मोडायला जाणारा अन् न घाबरणारा माणूस धाडसी नसतो. वहिनींना सांगा की मॅगझिनवाल्या ताईनं सांगितलंय. तुमची भीती बरोबर सांगायलीय, फक्त तिचं ऐकून कामं करायची सोडून तुम्ही पोराला पुढं घालायलात, तेवढं चुकतंय, कारण पोराच्या पायाला काय वेगळी कातडी आहे का.

तर कामं सांगते. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घ्या, पोराला पण. डोक्याला लावायची बॅटरी घ्या म्हणजे फावड्याला दोन्ही हात मोकळे राहतात. काठी आपटत चाला, सापाला जमिनीची थरथर चांगली कळती, तो आधीच सरकतो. स्टार्टरच्या डब्यात हात घालायच्या आधी उजेड मारा, तिथं उबेला बसतात ती. मोबाईलवरून मोटार चालू करायचा स्टार्टर मिळतो, निदान पेटीपर्यंतची चक्कर वाचती (ऑटो स्विचला महावितरणवाले नाक मुरडतात, लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात अन् डीपी जळतो म्हणून, ते खरंपण आहे). सौर पंपाला अर्ज केला नसेल तर करा, मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला पाच. दिवसा पाणी देणं हाच ह्या भीतीवरचा सगळ्यात चांगला इलाज आहे अन् तो माझ्या हातात नाही, सरकारच्या आहे.

भावाचं वाचून वाटतंय मण्यार असावा. तो रात्री घरात शिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, दुखत नाही, सूज नाही, म्हणून कळतच नाही, पोटात दुखलं, डोळ्याच्या पापण्या जड झाल्या की मग धावपळ. खाली झोपायचं नाही, कॉट अन् मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. अन् पान लागलंच तर ब्लेड नाही, दोरी आवळणं नाही, देवाच्या पारावर नेणं तर नाहीच. हात-पाय हलू न देता 108 किंवा मिळंल त्या गाडीनं सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारीवर एकच लस चालती, त्यामुळं साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

हे सगळं करूनही बूट घालून, उजेड घेऊन, पाय उचलंनाच, तर मग ते भावाचं दुःख आहे. त्याच्याबद्दल कुणाशी बोललात का तुम्ही? पत्रात त्याच्यावर एकच ओळ आहे, मोटारीवर बाकी सगळं.

प्रश्न: आम्ही वसमत तालुक्यातले. 2024 ला मार्चमध्ये अन् परत जुलैमध्ये सकाळी सकाळी मोठा धक्का बसला, त्याच्या आधीपासून जमिनीतून आवाज येतातच. तेव्हापासून सासूबाई घरात झोपत नाहीत, पाऊस असला तरी ओट्यावर. त्यांचं माहेर औशाकडचं, किल्लारीच्या भूकंपात त्यांची बहीण अन् बहिणीची लेकरं गेली. त्या फळीवर तांब्या उलटा घालून त्याच्यावर ग्लास, ग्लासावर वाटी असं रचून ठेवतात, वाटी वाजली की सगळ्यांना उठवतात, मग ती मांजरानं पाडलेली असली तरी. आता माझी आठ वर्षाची लेक दप्तर अन् चप्पल उशाला घेऊन झोपायलीय. मी भूकंपाचं ॲप घेतलंय ते रात्रभर बघत राहते. नवरा आम्हाला हसतो. आम्ही सगळ्या येड्यात निघालोय का?

उत्तर: कुणीच येड्यात निघालेलं नाही. सासूबाईंसाठी 30 सप्टेंबर 1993 अजून संपलेला नाही. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून दमून झोपलेली गावं, अन् पहाटे चार वाजायच्या जरा आधी ते झालं, लातूर अन् तेव्हाचा उस्मानाबाद मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. गेली ती बहुतेक घराखाली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती अन् वर मातीचं जड माळवद. छताखाली झोपायचं नाही हे त्या बाईंनी वाचून ठरवलेलं नाही.

तुमच्याकडचे दोन्ही धक्के 4.5 च्या आसपासचे, किल्लारीचा 6.2. आकडे जवळजवळचे वाटतात, पण हे माप असं आहे की एक आकडा वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होती, म्हणजे हिशोब केला तर किल्लारीला तुमच्या धक्क्याच्या साधारण साडेतीनशे पट ऊर्जा सुटली. पुढं मोठा येणारच नाही असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येत नाही, तारीख वार सांगणारे मेसेज येतात ते सरळ डिलीट करा.

पहिलं काम नवऱ्याला द्या, हसायला वेळ आहे त्यांना. पत्र्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड ठेवलेत का? ते आजच खाली घ्या अन् पत्रे बोल्टनं नीट आवळा, 2024 च्या धक्क्यानंतर प्रशासनानं पण हेच सांगितलं होतं. झोपायच्या जागेवर डोक्याशी फळी, डबे, लोखंडी कपाट असेल तर हलवा नाहीतर भिंतीला पक्कं करा. घर दगडमातीचं असेल तर एखाद्या इंजिनिअरला दाखवा, अन् तोपर्यंत सासूबाई ओट्यावर झोपतात ते मी तरी चूक म्हणणार नाही, फक्त भिंतीला लागून नको.

हे झाल्यावर जी भीती उरंल ती वेगळी, तिच्याकडं बघू. लेकीपासून सुरू करा कारण तिचं लवकर सुटंल. 1924 साली मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका तीन वर्षांच्या पोराची भीती घालवली, काय केलं तर त्याला आवडीचं खायला देऊन ससा पिंजऱ्यात घालून लांब ठेवला, अन् रोज जरा जरा जवळ आणला, शेवटी पोरगं त्याला कुरवाळायला लागलं. शंभर वर्षं झाली, भीतीच्या उपचारात अजून हेच केलं जातं. तर दप्तर आधी उशावरून पायाशी, मग खुंटीला, मग नेहमीच्या जागी, प्रत्येक पायरीला चार-पाच रात्री. चप्पल मात्र कॉटखाली राहू द्या, बॅटरीपण, काच फुटली तर पायात काहीतरी पाहिजे, ते शहाणपणाचंच आहे. दिवसा एकदा खेळ म्हणून करून घ्या, धक्का म्हणलं की मजबूत टेबलाखाली, हातानं डोकं झाकून. अन् ती मुलगी जमिनीकडं कमी, तुमच्या तोंडाकडं जास्त बघत असती. रात्री एकला तुमच्या तोंडावर मोबाईलचा उजेड दिसला की तिला काय समजायचं ते समजतं. ॲप राहू द्या, नोटिफिकेशन बंद, सकाळी चहाबरोबर एकदाच बघायचं. ते झालेला धक्का सांगतं, येणारा नाही, मग रात्रभर बघून मिळतंय काय?

सासूबाईंचा तांब्या-ग्लास लगेच काढू नका. तीस वर्षांची जखम आहे अन् सुनेनं फळी आवरली की अजून एक भांडण. दुपारी शेंगा फोडत बसला की बहिणीबद्दल विचारा, कशी होती, लेकरांची नावं काय. धक्क्याचं विचारू नका, त्या सांगतील तर सांगतील. सप्टेंबर आला की, गणपती उठले की, त्यांना जास्त जड जात असणार, त्या दिवसांत घरात कुणीतरी सोबत असावं. झोपच लागत नसेल, दचकून ओरडून उठत असतील, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे तिथं न्या, वय झालंय म्हणून सोडून देऊ नका. ह्या दुखण्यावर इतक्या वर्षांनीपण उपचार होतो.

प्रश्न: फायनान्सवर गाडी घेतली, हप्ते थकले. नवीन नंबरवरून फोन वाजला की पोटात गोळा येतो, फोन उलटा घालून ठेवते. सकाळी सहाला पण फोन येतात, शेजाऱ्यांना पण करतात. भीती कमी व्हायला काही ध्यान वगैरे सांगा. (जालना)

उत्तर: ध्यान नंतर करा. वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी अन् संध्याकाळी 7 च्या नंतर फोन करायचा नाही, शेजारीपाजारी बदनामी करायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आलेल्या फोनचे वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा. फोन उलटा घालून ठेवू नका, ह्या आठवड्यात एक दिवस तुम्ही ठरवा, कुणाला तरी जवळ बसवा अन् तुम्हीच शाखेत फोन लावा, बाकी किती, किती भरू शकते, हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळंल का, एवढंच विचारा, उत्तर लेखी मागा. कंपनीकडं आधी लेखी तक्रार द्या, 30 दिवसांत ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं करता येती, फुकट आहे, माहितीसाठी 14448 ला फोन करा. अन् पैसे भरले की पावती घेतल्याशिवाय कुणाच्या हातात रोख देऊ नका, दारात आला असला तरी.